आजीच्या सहाणेवरचे वेढे

परवा एका नातेवाइकाने आमच्या नातवासाठी बाळगुटीची तयार पेटी आणली आणि आदिलाबादचं जुनं घर आठवलं.

१ नोव्हेंबर १९५६ ला किनवट आणि राजुरा हे आमच्या जिल्ह्यातले तालुके मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिलं. आईचं माहेर किनवटकडचं. मी तेव्हा सहा वर्षांचा. त्याच थंडीत माझ्या बहिणीचा जन्म झाला, घरीच.

बाजाराच्या दिवशी गोंड, कोलाम बाया जंगलातून शतावरीची मुळं, डिंक, हिरडे घेऊन यायच्या. आजी त्यांच्याकडूनच घ्यायची, पण शतावरीचं मूळ मोडून बघितल्याशिवाय नाही. शतावरी दुधातून, दूध उतरावं म्हणून. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, जेवण झालं की बाळंतशोपा. खोलीत ओवा-वावडिंगाची धुरी. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ मात्र काष्ठौषधीच्या दुकानातून.

गुटी आईच्या दुधात उगाळायची. खरी विद्या वेढ्यांत होती. हिरड्याचे किती, हळकुंडाचे किती, सगळं तोंडपाठ. वेखंडाचा एकच, जायफळाचा अर्धा, "जास्त झाला तर लेकरू गुंगतं." पुढं बँकेत उभी हयात कर्जमर्यादा सांभाळण्यात गेली, पण आजीइतका कडक अधिकारी भेटला नाही.

तरीही बहीण गेली. नाळ घरातल्या विळ्यानेच कापली होती. आठव्या दिवशी तिनं दूध ओढणं सोडलं, अंग ताठ झालं. धनुर्वात. आजीनं डबाभर मुळ्या पुढ्यात मांडल्या, पण त्यात याला उतारा नव्हता. कमी होती ती आईला टोचायच्या लशीची आणि एका उकळलेल्या पात्याची. भारतातून बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात हटल्याचं जाहीर व्हायला २०१५ उजाडलं.

त्या पेटीवरून सूनबाईशी माझी जुंपली, हे कबूल करतो. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको म्हटलंय." मी चिडलो, आम्ही काय गुटीवर वाढलो नाही का? मग रात्री बहिणीचं ते आखडलेलं अंग आठवलं. नंतर वाचलं, वेखंडातल्या बीटा-अ‍ॅसरोनमुळं अमेरिकेनं १९६८ मध्येच ते खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली होती. आजीचा तो एकच वेढा उगाच नव्हता. आणि पेटीवर तर वेढ्यांचा हिशोबच छापलेला नव्हता!

पेटी कपाटात ठेवली. हळिवाचे लाडू मात्र सूनबाई रोज मागून खाते. सहाण देवघरात आहे, चंदनाला.