सुई-दोऱ्याची मेजवानी

ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात जेवणाची वर्दी तुतारी देते. १३४१ मध्ये रॉबर्ट द एग्ल्सफील्ड यांनी हे कॉलेज स्थापलं. नववर्षाच्या मेजवानीत खजिनदार प्रत्येक पाहुण्याला सुई आणि रेशमी दोरा देऊन काटकसरीनं राहायला सांगतो. ‘एग्वी’ म्हणजे फ्रेंचमध्ये सुई, ‘फील’ म्हणजे दोरा. जोडून म्हटलं की संस्थापकांचंच आडनाव कानी पडतं. किती लोभस स्मारक हे!

नाताळातल्या मेजवानीत रानडुकराचं मुंडकं गात-वाजत आणतात. दंतकथा अशी, की शॉटओव्हरच्या रानात डुक्कर अंगावर येताच एका विद्यार्थ्यानं हातातला ॲरिस्टॉटलचा ग्रंथ त्याच्या घशात कोंबला.

माजी विद्यार्थ्यांच्या अशा स्नेहभोजनाला ऑक्सफर्डमध्ये ‘गॉडी’ म्हणतात. आनंद या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते नाव पडलं.