मीठ, साखर आणि पाणी

पटकीचें नांव काढतांच आजच्या शहरी कुटुंबांतील तरुणांच्या मनांत फारशी भीति उत्पन्न होत नाहीं. परंतु कांहीं पिढ्यांपूर्वीं हा शब्द उच्चारण्यासही लोक कचरत. सकाळीं हिंडता-फिरता असलेला माणूस दिवेलागणीपर्यंत निष्प्राण होई. पंढरीला गेलेला वारकरी परत येईल कीं नाहीं, याची घरच्यांना शाश्वति नसे. आणि गांवोगांव मरीआईला नवस बोलले जात. या रोगाचें मूळ सांपडण्यास फार काळ लागला. उपाय सांपडण्यास त्याहूनही अधिक लागला. आणि सांपडल्यावर तो इतका साधा निघाला कीं, त्या साधेपणामुळेंच पुष्कळांचा त्यावर विश्वास बसेना.

पटकीनें माणूस दगावतो तो मुख्यतः शरीरांतील पाणी व क्षार झपाट्यानें निघून गेल्यामुळें. इंग्लंडांत १८३१ सालीं पटकीची साथ आली, तेव्हां ओशॉनेसी नांवाच्या तरुण डॉक्टरानें रोग्यांचें रक्त तपासून हें दाखवून दिलें. पुढच्याच वर्षीं स्कॉटलंडांत थॉमस लाटा यानें शिरेवाटे क्षारयुक्त पाणी सोडून मरणोन्मुख रोगी उठवून बसविले. परंतु जंतूंचें ज्ञान त्या काळीं नव्हतें; पाणी व साधनें शुद्ध नसत; त्यामुळें हा उपचार लवकरच मागें पडला. पुढें १८५४ सालीं लंडनमध्यें जॉन स्नो यानें रोग पाण्यावाटे पसरतो हें सप्रमाण मांडलें, आणि १८८४ सालीं रॉबर्ट कॉख यानें कलकत्त्याच्या रोग्यांत व तळ्यांत त्याचा जंतु दाखविला. विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यांतच लिओनर्ड रॉजर्स यांनीं शिरेवाटे सलाईन देण्याची पद्धति सुधारली व मृत्यूंचें प्रमाण बरेंच खालीं आणलें.

तथापि सलाईनला निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुई हवी आणि ती शिरेंत टोंचणारा जाणता हात हवा. पटकी मात्र नेमकी तेथेंच येते, जेथें यांपैकीं कांहींच हाताशीं नसतें.

मग रोग्यास पाणी पाजलें तर? साधें पाणी किंवा नुसतें मीठ-पाणी पटकीच्या रोग्याच्या आंतड्यांत पुरेसें शोषलें जात नाहीं, हा अनुभव होता. १९५३ सालीं कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनीं मीठ व साखर घातलेलें पाणी पाजून सौम्य प्रकारचे रोगी बरे केल्याचें प्रसिद्ध केलें. परंतु त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९६० सालीं रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें त्यामागील मर्म उलगडलें. आंतड्याच्या आवरणांतून साखर व सोडियम एकमेकांच्या हातांत हात घालूनच आंत शिरतात, आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी जातें. पटकीचें विष ही वाट बंद करूं शकत नाहीं. साखर येथें रुचीसाठीं नसून मिठाला वाट दाखविण्यासाठीं असते! १९६८ सालीं डाक्क्यास डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनीं हें तत्त्व तीव्र पटकीच्या रोग्यांवर यशस्वी करून दाखविलें. पण तें रुग्णालयांत, तज्ज्ञांच्या नजरेखालीं होतें. अडाणी समजल्या जाणाऱ्या माणसाच्या हातीं तें सोंपवावें, असें म्हणण्याचें धैर्य अद्याप कोणास नव्हतें.

तो प्रसंग १९७१ सालीं आला. पूर्व पाकिस्तानांतील युद्धामुळें सुमारें एक कोटि निर्वासित भारतांत आले. सरहद्दीवरील बनगांव येथें छावण्यांत पटकी उसळली. डॉ. दिलीप महालनबीस तेथें पोहोंचले, तेव्हां रुग्णालयाच्या दोन खोल्या भरून रोगी जमिनीवर पडलेले होते. सुई टोंचावयाची तर त्यांच्या ओकारीत व मळांत गुडघे टेकावे लागत. सलाईनचा सांठा संपत आलेला, आणि तें देऊं शकणारे सहकारी अवघे दोन. ही लढाई आपण हरत आहों, हें अठ्ठेचाळीस तासांत त्यांच्या ध्यानीं आलें.

डॉक्टरांपुढें दोनच मार्ग होते. रूढ पद्धतीला धरून राहावें व बहुतेक रोग्यांना मरूं द्यावें. किंवा ज्या उपायाची अशा परिस्थितींत कधीं परीक्षा झाली नव्हती, तो रोग्यांच्या आप्तांच्याच हातीं द्यावा. पहिल्या मार्गांत दोष कोणी दिला नसता. दुसऱ्यांत सर्व दोष एकट्याच्या माथीं आला असता. त्यांनीं दुसरा पत्करला. दर लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३·५ ग्रॅम मीठ आणि २·५ ग्रॅम खाण्याचा सोडा, अशा पुड्या कलकत्त्यास बांधल्या गेल्या. तोटी बसविलेल्या पिंपांत तें पाणी कालवून ठेवलें गेलें. आणि आया, बाप, भाऊ पेले भरभरून आपापल्या माणसांस पाजूं लागले. दोन-तीन आठवड्यांत फळ दिसलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा तीसच्या आसपास होतें, तें महालनबीस यांच्या देखरेखीखालील रोग्यांत शेंकडा ३·६ वर आलें.

तरीही वैद्यक-जगानें मान डोलावण्यास वेळ घेतला. अखेर १९७८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें अतिसार-नियंत्रणाचें कार्य हातीं घेतलें आणि हा उपाय देशोदेशीं गेला. बांगला देशांत ब्रॅक या संस्थेच्या स्त्रियांनीं १९८० पासून दहा वर्षें घरोघर जाऊन तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ व अर्धा शेर पाणी हें प्रमाण लक्षावधि मातांस शिकविलें. मराठींत या पाण्यास ‘जलसंजीवनी’ हें सार्थ नांव मिळालें. त्यानें वांचविलेल्या जिवांची गणना पांच कोटींहून अधिक केली जाते.

२००२ सालीं मिश्रणांतील मीठ व साखर कमी करून तें अधिक सौम्य करण्यांत आलें, आणि २००४ पासून मुलांना त्याच्या जोडीस जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस झाली. असें असूनही जगांत दरवर्षीं चार लाखांहून अधिक बालकें अतिसारानें दगावतात. कर्नाटक व बिहारमधील खासगी डॉक्टरांविषयीं २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, जलसंजीवनी न देण्यामागें सांठा संपणें किंवा नफा हीं मोठीं कारणें नव्हतीं. रोग्याच्या माणसांना ती नकोच असेल, हा डॉक्टरांचा समज हें सर्वांत मोठें कारण होतें. प्रत्यक्षांत लोकांना ती नको होती असें नाहीं. त्यांनीं नुसता उल्लेख केला, तर ती मिळण्याचा संभव पुष्कळ वाढे.

डॉ. महालनबीस २०२२ च्या ऑक्टोबरांत निवर्तले. २०२३ सालीं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यांत आलें. बनगांवांत त्यांनीं आयांच्या हातीं पेला दिला, तेव्हां त्या पेल्याबरोबर विश्वासही दिला होता. मीठ, साखर व पाणी प्रत्येक घरांत आज आहे. मूल आजारी पडतांच तीं प्रथम आठवणें, एवढेंच शिल्लक आहे.