सावलीचा मोबदला

१९६० साली हॉलिवूडचे लेखक आणि नट एकाच वेळी संपावर होते. नटांच्या संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रीगन. पडद्यावरची आपली सावली दूरचित्रवाणीला विकली गेली, तर नटाला त्यातले काय, हा प्रश्न होता. पुढील चित्रपटांपुरता मोबदला मिळाला. जुन्या चित्रपटांवरचा हक्क मात्र निवृत्तिवेतन व आरोग्य योजनेच्या बदल्यात सोडावा लागला.

२०२३ मध्ये दोघे पुन्हा एकत्र उतरले : लेखक १४८ दिवस, नट ११८ दिवस. आता सावली नटावाचूनच अभिनय करू पाहत होती. डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला करारात आले. परंतु जुन्या संहितांवर यंत्राला शिकवावे की नाही, हा वाद त्या करारात मिटला नाही. जुन्या कामावरचा हक्क याही वेळी पुरता हाती आला नाही.