पायांचे वल्हे आणि मोकळे हात

सिंध प्रांत १९३६ सालापर्यंत मुंबई इलाख्यात मोडत होता. सक्करचा सिंधू नदीवरील प्रचंड बंधारा मुंबई सरकारच्याच अमदानीत बांधला जाऊन १९३२ साली खुला झाला. बदलीचा हुकूम हाती पडला की मराठी कारकून, ओव्हरसियर, शाळाखात्यातील मंडळी बाडबिस्तरा बांधून सिंधची वाट धरीत, तो हा काळ. नव्या गावी गेल्यावर प्रथम नदीकाठ पाहावा, ही आपल्या लोकांची जुनी सवय. सक्करच्या नदीकाठी त्या काळी जे दृश्य दिसे, त्यापासूनच आम्ही या लेखाचा आरंभ करीत आहो. कारण मासे धरणाऱ्या माणसाच्या हातापायांचा जो इतिहास आम्हांस सांगावयाचा आहे, त्यातील अत्यंत साधे आणि अत्यंत चतुर असे एक प्रकरण तेथे घडलेले आहे.

सिंधूवरील मोहाणा जातीचा कोळी पल्ला मासा धरण्यासाठी नाव घेत नसे. एक मोठे, रुंद तोंडाचे मातीचे मडके तो पाण्यात सोडी आणि त्याच्या तोंडावर पोट टेकून पालथा पडे. पोटानेच मडक्याचे तोंड झाकले जाई. पाय मागे पाण्यात. त्यांनीच पाणी लोटावयाचे आणि त्यांनीच दिशा राखावयाची. हातात लांब काठीला बांधलेले जाळे. पल्ला, म्हणजे बंगाल्यांचा इलिश, समुद्रातून प्रवाहाविरुद्ध वर चढतो. कोळी प्रवाहाबरोबर खाली वाहात येई आणि जाळे त्याच्या वाटेत उभे धरी. मासा सापडला की तो ज्या मडक्यावर आपण तरंगत आहो त्याच मडक्यात टाकावयाचा! एकोणिसाव्या शतकातील इंग्रज प्रवाशांनी या मासेमारीची वर्णने मोठ्या कौतुकाने लिहून ठेवली आहेत. त्यांना नवल वाटले ते मडक्याचे. आम्हांस नवल वाटते ते हातांचे. या माणसाने आपल्या वाहनाचा सगळा भार पायांवर टाकून दोन्ही हात कामासाठी मोकळे केले होते.

ही गोष्ट दिसते तितकी किरकोळ नाही. आपल्या कोकणातील खाडीवर पाग फेकणारा कोळी आठवून पाहावा. पाग फेकण्यास दोन्ही हात लागतात आणि वल्हे मारण्यासही हातच लागतात. म्हणून होडीत दुसरा माणूस लागतो. एकाने होडी सांभाळावी, दुसऱ्याने जाळे. घरचा मुलगा किंवा भाऊ असला तर ठीक. नसला तर त्या दुसऱ्या माणसाला वाटा द्यावा लागतो. मोठ्या गलबतावर तांडेल आणि खलाशी यांच्या वाट्यांचा हिशेब निराळा. परंतु उथळ पाण्यात चार पाट्या मासळीसाठी हिंडणाऱ्या गरीब कोळ्याला दुसऱ्या माणसाचा वाटा म्हणजे घरच्या अर्ध्या भाकरीचा प्रश्न असतो. तेव्हा एकट्या माणसाने नाव हाकावी, वळवावी आणि त्याच वेळी मासेही धरावे, हे कसे साधेल? पायांनी चालणारी मासेमारीची नाव हा विषय आज यंत्रशास्त्राचा भासतो. मुळात तो पोटाचा आहे.

पायाच्या जोरावर पाणी हलविण्याची विद्या जुनीच आहे. कोकणातील बागायतीत पायाने फिरवावयाचा पायरहाट होता. केरळातील कुट्टनाडच्या खोलगट शेतांतून पाणी बाहेर काढण्यासाठी माणसे लाकडी चक्रम् पायांनी तुडवीत. चीनमध्ये भाताच्या खाचरांना पाणी चढविणारी फळ्यांची साखळी अशीच पायांनी चालत असे. मनुष्याच्या पायांचे स्नायू हातांच्या स्नायूंहून मोठे व सोशिक असतात, हे शरीरशास्त्राचे पुस्तक न वाचता शेतकऱ्यांना कळले होते. शेतात पायांनी फिरणारे चाक नावेला लावण्याची कल्पना मात्र चीनमध्येच भव्य प्रमाणावर साकार झाली.

तांग राजवंशातील ली गाओ या राजपुत्राने इ. स. ७८२ ते ७८५ च्या सुमारास दोन बाजूंना दोन चाके असलेली आणि ती पायांनी तुडवून चालणारी युद्धनौका बांधली, असा त्या राजवटीच्या इतिहासात स्पष्ट उल्लेख आहे. पुढे सोंग काळात, ११३० नंतर, तुंगतिंग सरोवरावर यांग याओ याच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांचे बंड माजले. बंडखोरांच्या हाती गाओ श्वान नावाचा सरकारी कारागीर सापडला आणि त्याने त्यांना वीस-बावीस चाकांच्या प्रचंड नौका बांधून दिल्या. वारा असो वा नसो, त्या पुढेही जात आणि मागेही येत. सरकारी आरमाराची तारांबळ उडाली. अखेर ११३५ साली यूए फेइ या सेनापतीने त्या नौकांचा नाश केला, तो अधिक चाके लावून नव्हे. त्याने तराफ्यांनी खाड्यांची तोंडे अडविली, प्रवाहात कुजकी लाकडे आणि गवत सोडून दिले आणि शत्रूला उथळ पाण्यात ओढले. गवत चाकांत गुंतले, चाके अडकली आणि जलदुर्गासारख्या त्या नौका जागच्या जागी खिळल्या. चाकांच्या नौकांची उपयुक्तता मात्र संपली नव्हती. ११६१ साली यांगत्से नदीवर त्सायशी येथे सोंगांनी त्यांच्याच साह्याने उत्तरेकडील जुर्चेनांची स्वारी परतविली.

तुंगतिंगच्या या लढाईतून कोळ्याने घ्यावयाचा धडा असा, की मासे जेथे असतात तेथे शेवाळ व पाणगवत असतेच, आणि फिरणाऱ्या चाकाचा तेच मोठा शत्रू आहे. दुसरे असे की, या नौकांवर तुडविणारे निराळे, सुकाणू धरणारा निराळा आणि लढणारे निराळे होते. शेकडो माणसांच्या ठिकाणी हात मोकळे करण्याचा प्रश्न उद्भवतच नाही. तो उद्भवतो एकट्याच्या ठिकाणी.

चीनमध्येच या एकट्या माणसाचे उत्तरही शोधले गेले, पण ते अर्धे. लू शून या थोर लेखकाचे जन्मगाव शाओशिंग. तेथील कालव्यांतून काळ्या छपराच्या लहान नावा फिरतात. नावाडी मागच्या टोकाशी पाठ टेकून बसतो, दोन्ही पाय लांब वल्ह्याच्या दांड्यावर ठेवतो आणि पाय आखडून-पसरून नाव चालवितो. काखेत एक आखूड वल्हे धरलेले असते, ते सुकाणूचे काम करते. चाक गेले, गवताची भीती गेली, बळ पायांकडे आले. परंतु दिशा हाताकडेच राहिली. उतारू नेण्यास ही योजना उत्तम. जाळे टाकणाऱ्यास अपुरी.

पूर्ण उत्तर आमच्या मते ब्रह्मदेशात सापडते. हा देशही १९३७ सालापर्यंत हिंदुस्थान सरकारच्या कारभाराखाली होता. लोकमान्यांच्या मंडालेच्या कारावासामुळे आणि रत्नागिरीस स्थानबद्ध होऊन तेथेच १९१६ साली मरण पावलेल्या थिबा राजामुळे तो मराठी मनाला कधी फारसा दूर वाटला नाही. त्या देशाच्या शान राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८८० मीटर उंचीवर, डोंगरांच्या कुशीत इन्ले नावाचे सरोवर आहे. त्याच्या काठी आणि त्याच्या पाण्यावरही इंथा लोक राहतात. इंथा या नावाचा अर्थच ‘सरोवराची लेकरे’. घरे खांबांवर उभारलेली आणि भाजीचे मळे तरंगत्या वाफ्यांवर. सरोवर विस्ताराने मोठे, पण खोलीने अगदी बेताचे. उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी दोन-अडीच मीटरांहून अधिक पाणी नसते. तळाशी आणि पृष्ठावर गवतच गवत.

अशा पाण्यात नावेत बसून वल्हविणाऱ्यास पुढची वाट दिसत नाही; गवताची बेटे आडवी येतात. म्हणून इंथा कोळी नावेच्या अगदी टोकावरील सपाट फळीवर उभा राहतो. एका पायावर शरीर तोललेले, दुसरा पाय वल्ह्याभोवती वेटोळे घालून गुंतविलेला, वल्ह्याचे वरचे टोक खांद्याशी अथवा काखेशी टेकलेले. पाय झोक्याने मागे जातो आणि नाव पुढे सरकते. नाव वळवावयाची असल्यास त्याच झोक्याच्या शेवटी वल्ह्याचे पाते थोडे तिरपे करावयाचे. निराळे सुकाणू नाही, काखेतील आखूड वल्हे नाही. बळ आणि दिशा दोन्ही एका पायाकडे.

आता दोन्ही हात मोकळे. त्यांचा उपयोग पाहण्यासारखा आहे. बांबूच्या पट्ट्यांचा, पुरुषभर उंचीहून मोठा, शंकूच्या आकाराचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले जाळे असा त्याचा सापळा असतो. उंचावरून कोळ्याला पाण्यातील हालचाल दिसते. तो पायाने नाव नेमकी त्या जागी आणतो, दोन्ही हातांनी सापळा उचलून तळापर्यंत दाबतो आणि वरच्या तोंडातून लांब काठी आत खुपसून ढवळतो. बिथरलेला मासा जाळ्यात शिरतो. हे सारे काही क्षणांत झाले पाहिजे. हात वल्ह्यावरून काढून सापळ्याकडे नेण्याइतका अवधीही मासा देत नाही. बसून वल्हविणाऱ्या स्त्रिया तेथे हातांनीच नाव चालवितात. पायाचे वल्हे मुख्यतः पुरुषांचे, मासेमारीच्या कामाचे. गरजेने अवयव कसा घडविला, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस आठवत नाही.

युरोपात याच विषयाला निराळे वळण लागले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो द विंची याने पायांनी चालणाऱ्या चाकांच्या नावेची रेखाटने केली. १८६० नंतर पॅरिसमध्ये पायटे असलेली सायकल आली आणि लगोलग तिला पाण्यावर चालविण्याची हौस जडली. परंतु सायकलबरोबर जे वेड आले ते वेगाचे. त्या वेडाचा कळस १९९१ साली झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत बनविलेल्या ‘डेकॅव्हिटेटर’ या पाण्याबाहेर उचलल्या जाणाऱ्या पंखांच्या नौकेवर मार्क ड्रेला यांनी केवळ पायांच्या बळावर शंभर मीटरांच्या अंतरात १८.५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३४ किलोमीटर, वेग गाठला. विक्रम थोर खराच. पण त्या नौकेतून कोणी मासे धरणार नव्हते.

कारण येथे एक हिशेब आडवा येतो. सामान्य सुदृढ माणूस तासन् तास पुरवू शकेल अशी शक्ती सुमारे ७५ ते १०० वॉट असते, म्हणजे एका अश्वशक्तीचा जेमतेम सातवा ते दहावा हिस्सा. पाण्यावर वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती निदान आठपट लागते. तेव्हा पायांच्या नावेने वेगाचा नाद सोडावा हेच बरे. कोळ्याला माणसाच्या चालीइतका वेग पुरतो. त्याला हवी असते ती जागच्या जागी वळण्याची आणि वाऱ्यात जागा धरून राहण्याची शक्ती.

हा विचार आपल्या देशात थोडा वेगळ्या रूपाने पुढे आला. १९७५ च्या पुरात बिहारमधील मोतीहारीच्या मोहम्मद सैदुल्ला यांनी सायकलला हवेचे तरंगते डबे आणि मागच्या चाकाच्या आऱ्यांना पाती जोडून ती पाण्यावर चालविली आणि पुढे तिच्यावरून गंगा ओलांडून दाखविली. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांचा गौरव केला. पुरात अडकलेल्या माणसाला पलीकडे जावयाचे असते, आणि त्याला ती सायकल पुरेशी होती. हात मात्र हँडलवरच राहिले. इकडे अमेरिकेत ग्रेग केटरमन यांनी नावेखाली पेंग्विनच्या पंखांसारखी दोन लवचीक पाती पायट्यांनी हलविण्याची युक्ती काढली आणि हॉबी कंपनीने १९९७ साली ती बाजारात आणली. ही पाती नावेच्या तळाशी सपाट मिटवून घेता येतात, म्हणून उथळ पाण्यात व गवतात फिरणाऱ्या चाकाहून ती सोयीची. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांत या नावा फार लोकप्रिय झाल्या. तरीही बाजूला सुकाणूची लहानशी दांडी राहिलीच आणि एक हात अधूनमधून तिच्याकडे न्यावा लागतोच.

मग ती दांडीही जावी यासाठी काय करावे? बसावयाची बैठक उभ्या खुंटीवर फिरती ठेवून तिच्या दोऱ्या सुकाणूला जोडता येतात. कंबर वळविली की नाव वळते आणि माणूस सरळ बसला की सुकाणूही सरळ होते. योजना सोपी व स्वस्त आहे. तथापि तिच्यात एक उणीव राहते, आणि ती इन्लेच्या कोळ्याकडे पाहिल्यावाचून ध्यानात येत नाही. सुकाणूचे बळ त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्याचे असते. नाव थांबली की सुकाणू ही निर्जीव फळी होते; आणि मासे धरण्याची वेळ तर नाव थांबण्याचीच वेळ असते. इंथाचे वल्हे थांबलेल्या नावेलाही वळविते, कारण तेथे पाणी लोटणारे आणि दिशा देणारे साधन एकच आहे. तेव्हा कंबरेच्या वळणाने सुकाणू फिरविण्याऐवजी पाणी लोटणारा पंखाच फिरवावा, म्हणजे ज्या दिशेला रेटा त्या दिशेला नाव, हे तत्त्व नव्या आराखड्याच्या मुळाशी असावयास हवे. एका पायावर उभ्या असलेल्या त्या कोळ्याने ते केव्हाच अमलात आणलेले आहे.

आज मात्र त्याचीच स्थिती बिकट आहे. १९३५ ते २००० या काळात इन्लेचे मोकळे पाणी जवळजवळ एकतृतीयांशाने आटले. नावांना एंजिने लागली, आणि पहाटे सापळा उचलून उभे राहणारे काही जण आता माशांसाठी नव्हे, प्रवाशांच्या छायाचित्रांसाठी उभे राहतात. सिंधूवर १९५५ साली कोटरीचा बंधारा झाल्यापासून पल्ल्याची वर चढण्याची वाट खुंटली आणि सक्करच्या मडक्यांचे काम उरले नाही. या दोन्ही ठिकाणी कोळ्याची युक्ती हरली नाही; त्याच्या पायाखालचे पाणी बदलले.

आम्हां नोकरदारांच्या नशिबी पुष्कळ नद्या येतात. बंधाऱ्यांचे अहवाल, मत्स्यखात्यांच्या योजना, नावांच्या कर्जांचे अर्ज आपल्या टेबलांवरून पुढे जातात. असा एखादा कागद हाती आला, तर नाव किती वेगाने धावते हे विचारण्यापूर्वी, तिच्यात बसणाऱ्या एकट्या माणसाचे हात कोठे असतील एवढे आपण विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर कदाचित जवळच्याच काठावर कोणी बिनबोभाट देत असेल. संध्याकाळी फिरावयास जाताना तिकडे पाहून यावे.