दप्तरापासून मेघापर्यंत : चंद्रपूर-गडचिरोलीतील सहकारी संस्थांची खतावणी

हिशेबाची वही कोठे ठेवावयाची, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु ग्रामीण पतव्यवहारात वही ज्याच्या ताब्यात, त्याचा शब्द प्रमाण, असा अनुभव सावकारीच्या काळापासूनचा आहे. चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रधान जिल्ह्यांतील विविध कार्यकारी सहकारी संस्थांच्या वहीचे आज जे स्थलांतर होत आहे, त्याकडे याच दृष्टीने पाहावयास हवे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मान्य केली. ६३,००० संस्था, पाच वर्षांचा अवधी आणि २,५१६ कोटी रुपयांचा खर्च असा तिचा आरंभीचा आवाका होता. संस्थेचे हिशेब तिच्या कपाटात अथवा तिच्या स्वतःच्या संगणकात न राहता दूरच्या सामाईक यंत्रणेत, म्हणजे ज्याला 'क्लाउड' म्हणतात तेथे, राहावयाचे, हे या योजनेचे मुख्य सूत्र होय.

या प्रदेशाने राज्ये पुष्कळ पाहिली. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रांतात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली वेगळा झाला. वहीची परिभाषा मात्र या सर्व घडामोडींतून टिकून राहिली. कीर्द, खतावणी, ताळेबंद, शेरा हे शब्द महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ यांनी घालून दिलेल्या सभासदांच्या 'आय' व 'जे' नमुन्यांशेजारी निमूटपणे नांदले. 'दप्तर' हा शब्दच पाहावा. फारसीतून आलेल्या या शब्दाचे मूळ 'कातडे' या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. कातड्यावरून तो कागदावर आला, कागदांच्या गठ्ठ्यावरून कचेरीवर गेला, आणि आता ज्याला आकारच नाही अशा साठ्यासही तोच लावला जात आहे. केंद्र शासनाने मात्र आपल्या मेघ-उपक्रमास 'मेघराज' असे नाव देऊन अधिक काव्यमय मार्ग पत्करला!

जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. निरक्षर सभासदाचा अंगठा घेऊन त्याच्या खात्यावर काय लिहिले गेले, हे त्यास कळण्याचा मार्ग फारसा नव्हता. तथापि खतावणीतील शेऱ्याच्या रकान्याला एक किंमत होती. एकाच नावाचे दोन सभासद असल्यास गटसचिव तेथे टोल्याचे अथवा बापाचे नाव घाली; कोणाचे शेत कोण कसतो हे त्याला ठाऊक असे. वहीचा निम्मा अर्थ अशा रीतीने वहीबाहेर, माणसाच्या स्मरणात राही. नव्या प्रणालीत रकाने ठरलेले असतात, आणि हा निम्मा अर्थ त्यांत कोठे घालावयाचा हे ठरलेले नसते.

दोहोंच्या मधला एक टप्पा सहसा विसरला जातो. कागदावरून थेट मेघात उडी पडली नाही. सुट्या संगणकांच्या काळात मराठी मजकूर बहुधा अशा टंकांत लिहिला जाई, की ज्यांत पडद्यावर देवनागरी अक्षर दिसे, पण आत साठा रोमन अक्षराच्या संकेतांकाचा असे. तो टंक नसलेल्या यंत्रावर ती नावे म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग. युनिकोडने १९९१ पासून देवनागरीस स्वतंत्र संकेतांक दिले असले, तरी कचेऱ्यांची सवय पुष्कळ उशिरा बदलली. म्हणून अशा मजकुराचे स्थलांतर हे लिप्यंतरही ठरते, आणि प्रत्येक लिप्यंतरात काही सांडते.

सर्वांत अधिक सांडतात ती माणसांची नावे. माडिया ही द्राविड कुलातील भाषा. ती बोलणाऱ्याचे आडनाव मराठी लेखनिकाने कानाला भासेल तसे उतरविले. 'तलांडी' व 'तलांडे', 'पुंगाटी' व 'पुंगाटे' अशी जोडरूपे त्यातून रूढ झाली. एकारान्त रूप हे मराठी आडनावांच्या वळणावर गेलेले आहे, हे उघड आहे. कागदी वहीत या भेदाने कोणाचे अडत नसे. २०१७ च्या कर्जमाफीत अर्जदाराची माहिती बँकेच्या माहितीशी ताडून पाहण्यात आली, आणि २०१९ च्या योजनेत आधार प्रमाणीकरण आले. तेव्हापासून सात-बारा, आधार व संस्थेची खतावणी यांतील एका मात्रेचा फरक हा कर्जदाराच्या ओळखीचा प्रश्न बनला. यंत्रास 'हा तोच' असे म्हणता येत नाही. तसे म्हणावयास अजून गटसचिवच लागतो.

योजनेच्या घोषणेत प्रणाली स्थानिक भाषेत असेल असे आश्वासन होते. परंतु गडचिरोलीत स्थानिक भाषा कोणती? राज्यभाषा मराठी; घरात गोंडी, माडिया; सिरोंच्याकडे तेलुगू; चामोर्शी-मुलचेरा भागातील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली. मराठी पडदा हे इंग्रजी पडद्याहून निश्चितच पुढचे पाऊल आहे. पण माडिया सभासदाच्या दृष्टीने दोन्ही पडदे दुसऱ्याने वाचून दाखवावयाचेच.

धानाच्या हंगामात या प्रश्नांना व्यवहारी धार येते. गडचिरोलीत आदिवासी विकास महामंडळाच्या वतीने अनेक ठिकाणी आदिवासी विविध कार्यकारी संस्थाच धान खरेदी करतात. पोते काट्यावर चढते तेव्हा नाव जुळलेले असावे लागते. पावसाळ्याची गोष्ट आणखी निराळी. पर्लकोटा फुगली की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि तारा व मनोरे यांचा भरवसा राहत नाही. आकाशातील मेघ असा भरून आला, म्हणजे दुसऱ्या मेघातील खतावणी उघडत नाही. त्या दिवसांची नोंद कागदावर करून ठेवावी लागते आणि पूर ओसरल्यावर ती पुन्हा चढवावी लागते.