उजेडाचे मूळ गाव

'इन्स्टॉलेशन'ला मराठीत 'मांडणशिल्प' हा शब्द आता रुळला आहे. एखाद्या जागेत वस्तू, प्रकाश, आवाज, पाणी, माती अशी मांडायची की प्रेक्षक चित्रासमोर उभा न राहता चित्राच्या आतच वावरेल, एवढे या प्रकाराचे सोपे वर्णन. आपल्याकडे त्याचा इतिहास बहुधा एकाच चालीने सांगितला जातो: १९९० नंतर बाजार खुला झाला, बाबरी मशीद पडली, दंगली झाल्या आणि कॅनव्हास अपुरा वाटू लागलेले चित्रकार वस्तूंकडे वळले. हे खरेच आहे. पण या इतिहासाला आणखी एका बाजूने भिडता येते, असे मला वाटते. कलाकृतीत वापरलेला पदार्थ कुठून आला आणि तो येण्यासाठी कोणी काय दिले, ही ती बाजू. तिथून पाहायचे तर रोहा तालुक्यातले कोलाड ही फार सोयीची जागा आहे.

कोलाड आज मुंबई-गोवा महामार्गावरचे राफ्टिंगचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. ऐन उन्हाळ्यातही कुंडलिकेला इथे जोरदार पाणी असते, ते सह्याद्रीपलीकडून आलेले. मुळशी धरणातले हे पाणी मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जायचे. टाटांनी ते अडवून पश्चिमेकडे वळवले. घाटाच्या उंचीवरून ते भिरा येथील वीजकेंद्रात कोसळते, वीज देते आणि मग कुंडलिकेतून कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीकडे जाते. टाटांच्या खोपोलीच्या केंद्राची वीज मुंबईला १९१५ पासून मिळत होती. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या, ट्राम आणि दिवे यांच्या मागे हे पाणी होते. आणि पाण्याच्या मागे मुळशीतली बुडालेली गावे होती. त्यांच्यासाठी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासारख्यांनी सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. धरण झालेच.

मुंबईच्या कलादालनात दिवा लागतो तेव्हा त्याला अशी वंशावळ असते. आता मांडणशिल्पाच्या इतिहासाकडे पुन्हा पाहू.

विवान सुंदरम यांनी १९९१ मध्ये आखाती युद्धानंतर कागदावर कोळसा आणि इंजिन ऑइल वापरून कामे केली. त्यांतल्या काहींत कागदासमोर जमिनीवर तेलाने भरलेला जस्ती ट्रे असे. ज्या तेलासाठी युद्ध झाले तेच तेल रंगाच्या जागी आले. पुढच्या वर्षी नलिनी मलानी यांनी मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत थेट भिंतींवर चित्रे काढली आणि मुदत संपताच ती पुसू दिली. म्हणजे भारतीय मांडणशिल्पाच्या अगदी सुरुवातीलाच दोन गोष्टी दिसतात. पदार्थ निरागस नसतो आणि टिकणे गृहीत धरता येत नाही.

जगभर या प्रकाराची लोकप्रियता मात्र वेगळ्या वाटेने वाढली. २००३ मध्ये ओलाफर एलियासन याने लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये धुके, आरसे आणि पिवळे दिवे यांतून एक प्रचंड सूर्य उभा केला. लोक जमिनीवर आडवे होऊन तो पाहत. दिव्यांची मागची बाजू त्याने झाकली नव्हती, हा त्याचा प्रामाणिकपणा. पण मला त्याहून बोलकी वाटते ती जागा. टेटचा तो टर्बाइन हॉल मुळात तेलावर चालणाऱ्या आणि १९८१ मध्ये बंद पडलेल्या वीजकेंद्राचा. विझलेल्या वीजघरात कृत्रिम सूर्य उगवला होता.

पाणी आणि प्रकाश यांचाच मेळ मुंबईच्या जितीश कल्लाट यांच्या 'कव्हरिंग लेटर'मध्ये आहे. गांधीजींनी जुलै १९३९ मध्ये हिटलरला लिहिलेले पत्र त्यात खाली झरणाऱ्या धुक्यावर उमटते. प्रेक्षक त्यातून चालत गेला की अक्षरे विस्कटतात. २०१९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकीतील भारतीय दालनात ते होते. न पोहोचलेल्या विनंतीला न टिकणाऱ्या पाण्याइतके योग्य माध्यम दुसरे सापडले नसते.

तरीही मला अधिक जवळची वाटतात ती पदार्थाच्या गावी परत जाणारी कामे. प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या कोळसा खाणीतले काम. २०१२ मध्ये मुंबईतल्या क्लार्क हाउसमधल्या त्यांच्या प्रदर्शनात भिंतीवर चारकोल होता, डोक्याच्या जागी भलत्याच वस्तू आलेली माणसे होती. चारकोल लाकडाचा आणि खाणीतला कोळसा दगडी, पण काळेपण एकच. ज्या कोळशाने शहर उजळते त्याचा काळोख पाचपुते शहराच्या भिंतीवर आणून ठेवतात.

गोव्याचे साहिल नाईक कुर्डीकडे वळले. मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव साळावली धरणात बुडाले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते काही आठवडे वर येते आणि विस्थापित लोक तिथे जमतात. २०२२ च्या कोची द्वैवार्षिकीत नाईकांनी त्या भूमीला आणि तिच्या गाण्यांना मांडणीत आणले. मुळशीची कथा जिथे अर्धी राहिली, तिथून कुर्डीने ती पुढे नेली, असे मला हे काम पाहताना वाटते.

मग कलाकृतीला तिच्या वीजबिलावरून जोखायचे का, असे कोणी विचारील. तसे नाही. सुंदर प्रकाश सुंदरच असतो आणि धुक्यातून चालण्याचा आनंद खोटा नसतो. मात्र निसर्गाच्या प्रेरणेने केलेली कला असे आपण सहज म्हणतो, तेव्हा निसर्ग म्हणजे आकार आणि छटा एवढेच धरतो. पाणी कोणाच्या शेतावर साठले, कोळसा कोणाच्या छातीत गेला, हाही निसर्गाचाच भाग आहे.

दालनात कलाकृतीशेजारी छोटी पाटी असते: कलाकाराचे नाव, वर्ष, माध्यम. माध्यमाच्या ओळीत बहुधा 'मिश्र माध्यम' किंवा 'पाणी, प्रकाश' एवढेच लिहिलेले असते. मुळशीच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होऊन गेली. त्या ओळीत अजूनही एका गावाचे नाव मावेल इतकी जागा आहे.