बंडी की दमणी? वर्ध्याचा जुना प्रश्न 🧵

१/५ पिकअप घ्यावी की चिखल तुडवणारी एसयूव्ही, हा प्रश्न नवा वाटतो. वर्ध्याच्या काळ्या मातीत मात्र तो बैलांच्या काळापासून आहे.

२/५ मालासाठी बंडी : दणकट चाके, त्यांवर लोखंडी धाव. माणसांसाठी दमणी : हलकी, छत असलेली.

३/५ हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकातच नावाजलेला होता. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि लांबची वाहतूक तिने घेतली. शेत ते स्थानक हे अंतर मात्र बंडीकडेच राहिले.

४/५ दोन्ही गाड्या बाळगणे मालगुजारासारख्यांनाच परवडे. एकच बैलजोडी असलेला शेतकरी बंडी निवडी. तिच्यात तणस अंथरून सारे कुटुंब जत्रेला जाई.

५/५ स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी आरंभली. युद्धासाठी घडलेले हे वाहन माणसे आणि ओझे दोन्ही नेई. पुढे वाटा पुन्हा फुटल्या : बोलेरो माणसांसाठी, बोलेरो पिकअप मालासाठी. कापूस नेणाऱ्या पिकअपमध्ये आजही वऱ्हाडी बसतात. कायदा त्यास मनाई करतो, आणि अपघातात मोल तेच मोजतात. ही निवड आवडीची नव्हे, ऐपतीची आहे. तुमच्या गावी दमणीला काय म्हणत?